थांबलेला ट्रक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भाषणाचा विषय काय, अशी विचारणा झाली तेव्हा मी 'ट्रक' एवढेच सांगितले. पलीकडून हसू ऐकू आले आणि लगेच प्रश्न आला, 'म्हणजे ट्रकच्या मागे लिहिलेली शेरोशायरी ना?' माझ्यासारखा कविता करणारा माणूस ट्रकवर बोलणार म्हणजे त्याच्या फाळक्यावरच्या ओळींवर बोलणार, हा समज काही अगदीच चुकीचा नाही. त्या ओळी मीही वाचतो. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन खात्याने बंद करायला सांगितली, तेव्हा मला थोडे वाईटही वाटले होते. पण आज मला फाळक्याकडून पुढे यायचे आहे. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाबद्दल बोलायचे आहे, आणि तेही गाडी पळत असतानाचे नव्हे, उभी असतानाचे.

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. संत नामदेवांचे नर्सी, औंढ्याचा नागनाथ ही आमची जुनी ओळख. अलीकडे तिच्यात हळदीची भर पडली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करून बाजारात आणतो. बीट होते, कट्टे भरले जातात, शिवले जातात. वर्तमानपत्रात भाव छापून येतो. इथे आपली हळदीची गोष्ट संपते. पुढे ते कट्टे मुंबईत कसे पोचतात, हे कुणी सांगत नाही, आणि खरे तर मलाही ठाऊक नव्हते.

माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आपाचा, मुलगा ट्रकवर ड्रायव्हर आहे. गाडी त्याची नाही, मालकाची. दहा चाकांची, २०१६ सालची. मालक महिन्याला ठरावीक पगार देतो आणि फेरीला भत्ता. फेरी दोन दिवसांत झाली काय आणि पाच दिवस लागले काय, भत्ता तेवढाच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२०२५ च्या जुलैत मला मुंबईला काम होते आणि रेल्वेचे तिकीट मिळत नव्हते. भाचा म्हणाला, 'मामू, माझ्यासोबत चला. क्लीनर नाहीच आहे, जागा मोकळीच.' आम्ही घरी दखनीत बोलतो, इथे मी त्याचे बोलणे मराठीत सांगतो आहे. सोमवारी संध्याकाळी वसमतला गाडी भरली. पन्नास किलोचे साडेतीनशे कट्टे, म्हणजे साडेसतरा टन हळद. वीस लाखांच्या पुढचा माल. वर दोन ताडपत्र्या आणि त्यावर दोर आवळलेला. अडीचशे कट्टे बाजारात उतरवायचे होते आणि शंभर कट्टे उपनगरातल्या एका जुन्या वस्तीत, मसाला दळणाऱ्या गिरणीत. भाच्याचा हिशोब सरळ होता. मंगळवारी माल खाली, बुधवारी परतीचे भाडे, गुरुवारी घर. कारण शुक्रवारी आपाला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला न्यायचे होते.

रस्त्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण रस्ता हा त्या फेरीतला सगळ्यात सोपा भाग होता. औंढा, जिंतूर, मंठा करत जालना. तिथून समृद्धी महामार्ग. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला होता आणि नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला होता. कसाऱ्याचा घाट टाळून इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी खाली उतरली. जालना सोडल्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आम्ही एका रात्रीत कापले होते. पहाटे सहाला आम्ही शहराच्या वेशीवर होतो. मी म्हणालो, 'पोचलोच की.' भाचा हसला. म्हणाला, 'मामू, आता खरी गाडी चालवायचीय.'

आणि त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

मोठ्या शहरांत अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मज्जाव असतो. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने शासनाला तसा अधिकार दिला आहे आणि अशा बंदीला कारणही रास्त आहे. शाळेच्या बस, रिक्षा, रुग्णवाहिका यांच्यामध्ये अठ्ठावीस टनांचे धूड कशाला? पण प्रत्येक शहराच्या वेळा वेगळ्या. सणासाठी, पावसासाठी, पुलाच्या दुरुस्तीसाठी त्या बदलतात. मुंबईच्या आसपास तर चार-पाच महापालिका एकमेकींना खेटून आहेत. एका हद्दीत गाडी सुटली आणि पुढच्या हद्दीत वेळ संपली की मध्येच अडकायचे. ड्रायव्हर या वेळा वाचत नाहीत, एकमेकांना फोन करून विचारतात. त्या दिवशी दुपारी बाराला सोडतील असे कळले. म्हणजे सहा तास.

आपण मोटारीतून जाताना अशा उभ्या ट्रकांची रांग पाहतो. ड्रायव्हर मजेत झोपला असेल, असे आपल्याला वाटते. मी त्या सहा तासांत झोपलेला एकही ड्रायव्हर पाहिला नाही. डोळा लागला तर रांग पुढे सरकते आणि मागचे शिव्या देतात. गाडी सोडून लांब गेले तर डिझेल, स्टेपनी, बॅटरी यांची खात्री नाही. जवळ संडास नाही, प्यायचे पाणी विकतचे. पाऊस सुरू होता आणि भाचा दर अर्ध्या तासाने वर चढून ताडपत्रीच्या घड्यांत साचलेले पाणी ढकलत होता. वाळलेली हळद ओल धरते आणि ओल धरली की बुरशी येते.

त्यात मोबाइलवर एक घड्याळ चालू होते. जीएसटी आल्यावर ई-वे बिल आले. एप्रिल २०१८ पासून ते सुरू झाले. आधी शंभर किलोमीटरला एक दिवस अशी मुदत होती, १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली. आमचे अंतर सहाशेच्या आत, म्हणून तीन दिवस. ती मुदत गुरुवारी मध्यरात्री संपणार होती. संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी व्यापाऱ्याने किंवा वाहतूकदाराने संगणकासमोर बसायला हवे. तसे झाले नाही आणि गाडी अडवली, तर कराच्या दुप्पट दंडापर्यंत गोष्ट जाते. मुदत किलोमीटरवर मोजलेली आहे. वेशीवर उभे राहण्याचे किलोमीटर होत नाहीत.

माझे दुल्हेभाई, म्हणजे भाच्याचे वडील, तेही ट्रकवर होते. त्यांच्या काळी मसाल्याचा बाजार मशीद बंदरला होता. त्या गल्ल्यांत ट्रक मावत नाहीत, अख्खी दक्षिण मुंबई अडकते, म्हणून नव्वदच्या दशकात तो बाजार वाशीला हलवला. त्यांच्या वेळी जकात नाक्यावर रात्र काढावी लागे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात गेली. नाके गेले. दुल्हेभाई तेव्हा हयात होते. म्हणाले होते, 'पोरांचे बरे झाले.' नाक्यावरची रात्र गेली हे खरेच. ती वेशीवर येऊन बसली, एवढेच.

बारा वाजता रांग हलली. मुंब्रा बायपासला पुन्हा खोळंबा. नाशिककडून, गुजरातकडून येणाऱ्या आणि उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या गाड्या त्या एका रस्त्यावर येतात. इथे मला कळले की गाडी सावकाश चालवणे हे वेगात चालवण्यापेक्षा कठीण असते. साडेसतरा टन माल घेऊन चढावर थांबायचे, पुन्हा निघायचे, पुन्हा थांबायचे. निघताना गाडी हातभर मागे येते आणि मागे कुणाची तरी नवी मोटार चिकटून उभी असते. डावा पाय सतत क्लचवर. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. सारखे दाबले की हवा कमी होते, दाब भरेपर्यंत गाडी नेता येत नाही आणि मागचे हॉर्न वाजवत राहतात. केबिनमध्ये इंजिनाची उष्णता. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट घडली आहे. पण २०१६ सालच्या गाडीला तिचा उपयोग नाही.

बाजारात पोचायला संध्याकाळ झाली, हमालांची वेळ संपली होती. बुधवारी दुपारी अडीचशे कट्टे उतरले. आपल्याकडे माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळ, मजुरीचा दर, भविष्यनिर्वाह निधी देणारा तो कायदा महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. मात्र उतराईची मजुरी कुणी द्यायची, यावरून बहुतेक ठिकाणी वाद होतात. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची जुनी घोषणा आहे. वाराई या नावाने ती रक्कम पुष्कळदा ड्रायव्हरच्या खिशातून आधी जाते, नंतर मालकाकडे भांडून मिळवायची.

उरलेल्या शंभर कट्ट्यांची गोष्ट मात्र मी विसरणार नाही.

गिरणी ज्या वस्तीत होती, तिथे आमच्यासारखी गाडी रात्री दहानंतरच नेता येत होती. आणि गिरणी उघडत होती सकाळी नऊला. गाडीने रात्री यावे आणि माल सकाळी द्यावा! हे दोन नियम करणारी माणसे एकमेकांना कधी भेटली नसावीत. मग रात्रभर गाडी उभी कुठे करायची? गल्लीतच. गल्लीत उभी करणे बेकायदा. दुसरा मार्ग नव्हता.

रात्री साडेबाराला आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो. आत गाडी वळवायला जागा नसल्याने सुरुवातीपासून मागे मागेच न्यायची होती. आता माझ्यासारख्याला वाटते, रस्ता आठ-नऊ फुटांहून रुंद आहे ना, मग गाडी जाते. तसे नसते. वळताना लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून ड्रायव्हर आधी उलट बाजूला जातो आणि मग वळतो. पाहणाऱ्याला तो चुकतोय असे वाटते. मागे जाताना सगळा प्रकार उलटा. त्यात ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, त्यामुळे डाव्या बाजूचे, मागच्या चाकाजवळचे त्याला काही दिसत नाही. ते बघायला क्लीनर असतो. पण क्लीनर आता मिळत नाहीत आणि मालक ठेवतही नाहीत. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत अशी अट पूर्वी होती, तीही २०१८ मध्ये काढली. केबिनमधला दुसरा माणूस असा हळूहळू नाहीसा झाला.

त्या रात्री दुसरा माणूस मी होतो. पावसात छत्री घेऊन गाडीच्या मागे उभा राहिलो आणि ओरडलो, 'थोडे इकडे घे!' गाडी थांबली. भाचा खिडकीतून डोके काढून म्हणाला, 'मामू, इकडे म्हणजे कुणाच्या इकडे?' तीस वर्षे शब्दांत घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येईना. मी म्हणालो, 'डावीकडे.' तो म्हणाला, 'तुमच्या का माझ्या?' मग त्याने मला शिकवले. डावे-उजवे नाही, 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड'. माणूस कुठेही तोंड करून उभा असो, या दोन बाजू बदलत नाहीत. आवाज ऐकू येत नसेल तर गाडीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. इतकी नेमकी भाषा मला कुठल्या कवितेत साधली नाही.

त्या गल्लीत क्लीनर साइडला स्कूटरींची रांग होती, ड्रायव्हर साइडला उघडी गटार. वर केबलच्या तारा लोंबत होत्या आणि एका दुकानाचा पत्रा पुढे आलेला होता. एका स्कूटरीचा मालक उठवावा लागला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी झोपमोड झाली म्हणून ओरडले, आणि त्याचेही चूक नव्हते. चौकापासून गिरणीपर्यंतचे अंतर माणूस दोन मिनिटांत चालेल. आम्हाला पाऊण तास लागला. मध्ये तो पत्रा ताडपत्रीला घासला. तेव्हा काही दिसले नाही.

हा प्रश्न जुना आहे, आणि नुसता आपल्याकडचा नाही. जुन्या रोम शहरात ज्युलिअस सीझरच्या काळी, इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास, दिवसाच्या बहुतेक वेळात गाड्यांना शहरात बंदी घातली होती. मग साऱ्या गाड्या रात्री येऊ लागल्या. पुढे ज्युव्हेनल नावाच्या रोमन कवीने तक्रार केली की अरुंद वळणांवर अडकलेल्या गाड्यांच्या गोंगाटाने शहरात झोप मिळत नाही. लंडनने १९८५ साली उलटे केले. लोकांची झोप मोडू नये म्हणून मोठ्या मालगाड्यांवर रात्री आणि सुटीच्या दिवशी बंधने आणली. दिवसा वाहतुकीची अडचण, रात्री झोपेची. दोन्ही खऱ्या. ज्युव्हेनलची तक्रार मला पटते. फक्त गाडीवान कधी झोपत होता, हे त्याने लिहिलेले नाही.

आपल्याकडच्या कायद्याने काय लिहिले? १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा आला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला, पण चौसष्ट वर्षे तोच होता. त्यातली कामाच्या तासांची व्याख्या मी मुद्दाम वाचली. गाडी चालवण्याचा वेळ धरा, त्याला जोडून असलेल्या कामाचा वेळ धरा, आणि थांब्यावरची नुसती हजेरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तीही धरा, असे तिथे म्हटले होते. पंधरा मिनिटांपेक्षा कमी! वेळापत्रकाने धावणाऱ्या बस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असावे. शिवाय पाच किंवा अधिक कामगार असतील तिथेच तो कायदा लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेरच राहिला, आणि आमच्या भागात बहुतेक मालक तसेच आहेत. म्हणजे वेशीवरचे सहा तास, बाजारातली रात्र, गल्लीतले साडेआठ तास हे ना मजुरीत आले ना भत्त्यात. ते काम नाही, कारण गाडी चालली नाही. ती विश्रांतीही नाही, कारण झोप झाली नाही. या वेळेला आपल्या कागदपत्रांत नावच नाही. परदेशी कंपनीचे जहाज बंदरात ठरल्यापेक्षा जास्त थांबले तर त्याचे भाडे मोजून वसूल होते. ट्रकलाही हॉल्टिंग मिळावे असे बिल्टीवर लिहिलेले असते. ते मिळाले तर मालकाला मिळते.

गुरुवारी सकाळी नऊला गिरणी उघडली, हमाल अकराला आले. कट्टे उतरताना पत्र्याने ताडपत्री फाटली होती ते दिसले. दोन कट्टे ओले निघाले. गिरणीच्या माणसाने पोचपावतीवर 'दोन कट्टे ओले' असे लिहिले आणि त्यांची पूर्ण किंमत भाड्यातून कापायला सांगितली. भाच्याने वाद घातला नाही. मी घालू लागलो तर म्हणाला, 'मामू, राहू द्या. पावतीवर सही हवीय. सही नाही तर मालक भाडे धरत नाही.' तेवढ्यात मालकाचा फोन आला, गल्लीत गाडी उभी केल्याचा ई-चलान त्याच्या मोबाइलवर गेला होता. तोही पगारातून.

दुपारचा एक वाजला होता, गाडी रिकामी झाली होती. पण बाहेर पडायला पुन्हा रात्रीचे दहा.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, ते आपल्याला आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. ड्रायव्हरांचे म्हणणे होते की आम्ही थांबलो तर जमाव आम्हाला जिवंत सोडत नाही. मनमाडजवळच्या पानेवाडीचे टँकर थांबले आणि शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. त्या दोन दिवसांत शहराने ट्रक ड्रायव्हरची जेवढी चौकशी केली, तेवढी एरवी वर्षभरात केली नसेल. तेव्हाही ट्रक थांबलेलेच होते, पण ते त्यांनी स्वतः थांबवले होते.

भाच्याला काय हवे ते मी त्या दुपारी विचारले. त्याने मोठे काही मागितले नाही. ज्या ठिकाणी रात्रीच गाडी येऊ देता, तिथे रात्री माल उतरवून घेणारा एक माणूस ठेवा. वेशीवर गाडी लावायला कुंपणाची जागा, संडास आणि नळ द्या. आणि कुठल्या शहराची वेळ काय, ते एका जागी लिहून ठेवा. माझी एक भर मी घालतो. पोचपावतीवर गाडी आल्याची वेळ आणि रिकामी झाल्याची वेळ लिहायची दोन रकाने असावेत. मी त्याची पावती पाहिली. तिच्यावर वजन होते, कट्टे होते, ओले कट्टे होते. वेळ नव्हती.

गुरुवारी रात्री दहाला आम्ही गल्लीतून निघालो. माझे काम उरकून मी शुक्रवारी बसने वसमतला परतलो. भाचा परतीच्या भाड्यासाठी थांबला, कारण रिकामी गाडी आणली तर डिझेलचाही हिशोब बसत नाही. आपाला शेजारचा मुलगा नांदेडला घेऊन गेला. भाचा सोमवारी पोचला, जालन्याला किराणा माल उतरवून. तोवर तिच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. घरी आला, अंघोळ केली, झोपला. संध्याकाळी मालकाचा फोन आला, गाडी भरायला लागली होती.